वार्षिक टोल पासच्या नावाखाली गेलेले तीन हजार

फास्टॅगचा वार्षिक पास देतो म्हणून माझ्याकडून 3,000 रुपये उकळले गेले. नवीन गाडी घेतलेल्यांनी हे जरूर वाचा.

हा पास 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला. खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांत वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. नेटवर शोधलं तर सगळ्यात वर एक वेबसाइट आली. अशोकस्तंभ, महामार्गाचा फोटो, थाट सगळा सरकारी. गाडीचा नंबर टाकला, यूपीआयने पैसे भरले. लगेच पीडीएफ आली: गाडीचा नंबर, मोठा क्यूआर कोड आणि खाली 'प्रिंट काढून काचेवर लावा' अशी सूचना.

खेड शिवापूरच्या नाक्यावर नेहमीसारखा टॅग स्कॅन झाला, दांडा वर गेला आणि पलीकडे पोचतोय तोवर बँकेचा मेसेज: पूर्ण टोल कापला! त्या क्यूआर कोडचा तिथे काही संबंधच नव्हता. लेनवरचा रीडर फक्त टॅगमधली चिप वाचतो. शिल्लक आहे का, पास आहे का, हे सगळं त्या टॅगच्या नंबरवरून मागच्या मागे ठरतं. खरा पास कागदावर नसतोच; तो काचेवरच्या आपल्या जुन्याच टॅगवर चालू होतो. नवा टॅगसुद्धा लागत नाही. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि हे चोर नेमका त्याचाच फायदा घेतात. संताप होतो तो याचाच.

पास मिळतो फक्त राजमार्गयात्रा ॲपवर आणि एनएचएआय (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) व रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वेबसाइटवर. एजंट वगैरे काही नाही. चालतो तोही राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धीवर नाही. 'सर्व टोलनाक्यांवर मोफत' असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर ती साइट तिथेच बंद करा.

पुढे त्या चोरांचा फोनही आला. 'सर, तुमचा पास ॲक्टिव्ह व्हायचा राहिलाय, ओटीपी आलाय तेवढा सांगा.' बोलणं अगदी अदबीचं. ओटीपी दिला असता तर खातंच रिकामं झालं असतं.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. समोरच्याने रक्कम पुढे फिरवायच्या आत ती गोठवता येते. यूपीआय व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, तक्रारीत तेच मागतात. माझी तक्रार नोंदवली गेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.