पिचिंगचा कोच: शेजारच्या गावातला की फोनमधला?

मार्च लागला की इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या पॉटलकला हा विषय निघतोच. मुलगा अकरा-बारा वर्षांचा, लिटल लीगमध्ये (लहान मुलांची बेसबॉल लीग) बरं पिचिंग करतो, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकतो, आता त्याला स्वतंत्र कोच हवा. मग जवळच्या इनडोअर केंद्रात अर्ध्या-अर्ध्या तासाचे पैसे मोजायचे, की व्हिडिओ पाठवून लांबच्या कोचकडून आठवड्याचा कार्यक्रम मागवायचा? आम्ही दोन्ही करून बसलोय. चिरंजीव आता चौदाचे आहेत आणि मधल्या एका हंगामात सहा आठवडे चेंडूला हात न लावता घरी बसले होते. ते का, ते पुढे येईलच.

आधी बाबा मंडळींसाठी एक सूचना. आपल्याला क्रिकेट कळतं म्हणजे हेही कळेल, या भ्रमात राहू नका. बोलिंग टाकताना कोपर सरळ हवं हे आपल्या हाडात मुरलेलं. पिचिंगमध्ये कोपर वाकलेलंच असतं. हात खांद्यातून मागे पिळला जातो आणि तिथून सेकंदाच्या ३ ते ५ शतांशांत पुढे येऊन चेंडू सुटतो. या पिळात कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर) जबर ताण येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स या बेसबॉल संघाचा पिचर टॉमी जॉन याच्यावर जी शस्त्रक्रिया केली आणि जी आता त्याच्याच नावाने ओळखली जाते, ती याच लिगामेंटची. मी ड्राइव्हवेवर उभा राहून "हात वर ने, वरून टाक" असं ओरडत असे. त्याने फायदा शून्य झाला, नुकसान किती झालं ते विचारू नका.

प्रत्यक्ष कोच

त्याचं बलस्थान उघड आहे. तो चार फुटांवर उभा असतो. पुढचा पाय जमिनीवर टेकायच्या आधीच छाती फलंदाजाकडे उघडतेय हे त्याला दिसतं, तो थांबवतो, एक गोष्ट बदलतो आणि पुढच्याच चेंडूला मुलाला फरक जाणवतो. आमच्या मुलाचे चेंडू कोच स्वतः ग्लव्ह घालून झेलायचा आणि चेंडू कसा फिरतोय ते हाताला लागल्यावरच सांगायचा. शिवाय दहा वर्षांचं पोर आईबाबांचं ऐकत नाही, कोचचं ऐकतं. एवढ्यासाठीही पैसे वसूल.

उणीव मात्र तितकी उघड नाही. तो आठवड्यातला अर्धा तास पाहतो, बाकीचे दिवस त्याच्या डोळ्याआड जातात. आमच्याकडे मंगळवारचा स्लॉट आधीच पैसे भरून ठेवलेला. त्या रविवारी चिरंजिवांनी ट्रॅव्हल टीमसाठी (गावोगावी सामने खेळणारी वेगळी टीम) ७० पिच, म्हणजे फलंदाजाला चेंडू, टाकले होते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये काढलेल्या 'पिच स्मार्ट' सूचनांप्रमाणे अकरा-बारा वर्षांच्या वयाला दिवसाची मर्यादा ८५ आणि ६६ च्या वर गेलात तर चार दिवस विश्रांती. म्हणजे शुक्रवारपर्यंत माउंड (पिचरचा उंचवटा) बंद. मंगळवारी कोचने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही आणि साठ डॉलर बुडू नयेत म्हणून पोराला घेऊन गेलो. त्याने पूर्ण अर्धा तास टाकलं. असं दोन-तीनदा झालं. मग एका सकाळी दात घासताना कोपर दुखायला लागलं. एक्स-रे काढल्यावर कळलं, लिटल लीग एल्बो: हाड जिथून वाढतं ती कोवळी ग्रोथ प्लेट सततच्या ओढीने दुखावलेली. यात कोचची चूक किती आणि आमची किती, हा हिशोब मी कधीच पूर्ण केला नाही.

ऑनलाइन कोच

या प्रकाराचा गाजावाजा व्हिडिओसाठी होतो. वॉशिंग्टन राज्यातल्या केंटचं ड्राइव्हलाइन, नॉर्थ कॅरोलिनातलं ट्रेड अ‍ॅथलेटिक्स ही त्यातली मोठी नावं. त्याशिवाय कॉलेजात खेळलेले, एकट्याने वीस-पंचवीस मुलं सांभाळणारे कितीतरी कोच आहेत. आम्ही अशाच एकाकडे गेलो. पहिल्या दिवशी त्याने व्हिडिओ मागितलाच नाही. एक तक्ता पाठवला: मुलगा किती टीममध्ये खेळतो, गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी किती पिच, पिचिंग नसेल त्या सामन्यात कॅचर (पिचरचे चेंडू झेलून परत फेकणारा) म्हणून बसतो का, शाळेत जिमच्या तासाला काय फेकतो. तो तक्ता भरताना आम्हाला पहिल्यांदा कळलं की लिटल लीग आपले पिच मोजते, ट्रॅव्हल टीम आपले मोजते आणि दोन्हींची बेरीज कोणीच करत नाही. कॅचरचा मुद्दाही तेव्हाच डोक्यात शिरला. लिटल लीगच्या नियमात ४१ किंवा जास्त पिच टाकलेला मुलगा त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही, पण दुसऱ्या टीमच्या सामन्यात ते विचारणार कोण?

माझ्या मते ऑनलाइन कोचिंगमध्ये विकत घेण्यासारखं काही असेल तर ते हे कॅलेंडर. व्हिडिओ त्यानंतर.

व्हिडिओलाही मर्यादा आहेत. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या चित्रणात हात पुढे येण्याचा तो क्षण एखाद्या फ्रेममध्ये सापडला तर सापडला. फोन २४० वर ठेवला तर सात ते बारा फ्रेम मिळतात, मग बोलता येतं. उजव्या हाताचा पिचर असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूने (म्हणजे त्याची छाती दिसेल तिकडून), कमरेच्या उंचीवर, ट्रायपॉडवर, काटकोनात. आणि दुसरा व्हिडिओ पाठीमागून. कोन थोडा तिरपा झाला तरी पाऊल लांब किंवा आखूड दिसतं आणि कोच नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. आमचा एक अख्खा आठवडा असा गेला, कारण मी ट्रायपॉड गाडीत विसरलो होतो आणि फोन कुंपणाला टेकवला होता.

आणखी एक गोष्ट. ऑनलाइन कोच घेतला की घरातला एक माणूस कॅमेरामन, निरोप्या आणि फौजदार असा तिन्ही होतो. आमचा कोच पश्चिम किनाऱ्यावर, आमच्या तीन तास मागे. त्याचं उत्तर यायचं रात्री दहाला. सकाळी मी ते वाचून दाखवायचो आणि "बाबा, तो तसं म्हणालाच नाहीये" इथपासून दिवसाची सुरुवात. ज्या घरात अभ्यासावरून आधीच खटके उडतात, तिथे हे आणखी एक निमित्त होईल.

वजनदार चेंडूंचं काय

बऱ्याच ऑनलाइन कार्यक्रमांत वेग वाढवायला कमी-जास्त वजनाचे चेंडू असतात. नेहमीचा बेसबॉल पाच-सव्वापाच औंसांचा. हे दोन औंसांपासून बत्तीसपर्यंत जातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या पिचरना सहा आठवडे असे चेंडू दिले. वेग सरासरी ३.३ टक्क्यांनी वाढला, पण त्या गटातल्या २४ टक्के मुलांना कोपराची दुखापत झाली. साधे चेंडू वापरणाऱ्या गटात एकालाही नाही. मोठ्या, हाडं भरलेल्या खेळाडूंनी काय करावं हे मी सांगणार नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात घरपोच वजनदार चेंडूंचा डबा पाठवणाऱ्या कोचला मी नमस्कार करून परत पाठवीन. आणि हो, समोर कोणी मोठं माणूस नसताना तर अजिबात नको.

मग कोणासाठी काय

बारा वर्षांपर्यंत दर आठवड्याचा कोच कुठलाच नको, असं आता माझं मत झालंय. हंगामात चार-पाच वेळा प्रत्यक्ष माणसाकडे न्या आणि फ्रिजवर एक कागद लावून सगळ्या टीमचे पिच स्वतः मोजा. त्या कागदाला पैसे पडत नाहीत.

तेरा-चौदाला खरी कसोटी लागते. लिटल लीगचं ४६ फुटांचं पिचिंगचं अंतर सोडून मुलगा ६० फूट ६ इंचांवर जातो. कुठे कुठे मध्ये ५० फुटांची एक पायरी असते, सगळीकडे नाही. त्याच वर्षी तो ताडासारखा वाढतो आणि काल जमणारं आज जमत नाही. चेंडू पोचवायला तो हाताने जोर काढतो, पाय आणि कंबर विसरतो. या वर्षी प्रत्यक्ष डोळा हवाच. आम्ही महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधले आठवडे ऑनलाइन असं केलं. दोघा कोचना एकमेकांचा नंबर दिला, त्यातले गैरसमज मजेदार होते, पण चाललं.

पंधराच्या पुढे, मुलगा स्वतः फोन लावून चित्रण करत असेल, तर ऑनलाइन घ्या. तासाभराच्या अंतरात पिचिंग समजणारा कोणीच नाही अशा गावात राहणाऱ्यांना तर तोच मार्ग. पैसे भरण्याआधी तीन आठवडे नुसता ट्रायपॉड देऊन पाहा. तुम्हाला आठवण करावी लागली तर तो पैसा वाया. मुलगी सॉफ्टबॉलची पिचर असेल तर मात्र यातलं फारसं लागू नाही. खालून फिरवून टाकण्याचं ते तंत्रच वेगळं, कोचही वेगळा शोधा.

दोघांनाही विचारायचे प्रश्न दोनच. पहिला: "हात थकलाय असं मुलगा म्हणाला तर त्या दिवशी काय करता?" अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात, हात थकलेला असताना वारंवार पिचिंग करणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट निघाली होती. "थोडं हलकं टाकून घेतो" हे उत्तर मला चालणार नाही. दुसरा प्रश्न पैशांचा. पिच स्मार्ट सांगतं की वर्षात किमान चार महिने फेकणं बंद ठेवा, त्यातले दोन-तीन सलग. त्या महिन्यांत वर्गणी थांबवता येते का? प्रत्यक्ष केंद्राने आम्हाला सांगितलं की स्लॉट सोडलात तर वसंतात मिळेलच असं नाही. ऑनलाइन कोचने नोव्हेंबर-डिसेंबरचे पैसे घेतले नाहीत आणि जानेवारीत जे पाठवलं त्यात फक्त स्क्वॉट, दोरीच्या उड्या आणि "चेंडू अजून कपाटातच" एवढी एक ओळ होती.