ऑइल लीक शोधायचं यूव्ही डाय किट, पैसे वसूल
माझी २०१२ ची डिझेल गाडी, १ लाख ८० हजार किमी झालेली, पार्किंगमध्ये रोज ऑइलचा डाग. एका मेकॅनिकने चेंबरचं (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) पॅकिंग बदललं, काही फरक नाही, दुसरा म्हणाला क्रँकचं (इंजिनमधला मुख्य फिरता दांडा) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, म्हणजे नुसती मजुरीच केवढी! शेवटी हे किट मागवलं, यात ऑइलमध्ये मिसळायचा रंग (डाय) आणि तो चमकवणारी यूव्ही टॉर्च येते. आधी इंजिन डिग्रीझरने धुवून कोरडं केलं (हे टाळू नका, जुना चिकटा असला की काहीच कळत नाही), डाय इंजिन ऑइलमध्ये ओतला, ३० किमी फिरवून आणली आणि रात्री अंधारात टॉर्च मारली तर इंजिन हेडच्या (वरचा भाग) मागे व्हॅक्युम पंपापासून (ब्रेकला मदत करणारा पंप) हिरवट पिवळी चमकती धार थेट खाली बेल हाउसिंगपर्यंत (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचं कव्हर)!! सील एकदम ठीक होतं, पंपाची साधी ओ-रिंग (रबरी गोल सील) कडक झालेली. ब्रीदर पाइपही (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारा) साफ करून घेतला कारण तो चोक झाला की आत प्रेशर वाढतं आणि मग नवीन पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर येतं. किटमधली टॉर्च मात्र फारच मंद आहे, दिवसा काही दिसत नाही, म्हणून एक स्टार कमी. दोन महिने झाले, फरशी कोरडी आहे.