छर्‍याच्या बंदुकीचा दस्ता जुळवून देणारा संभाजीनगरातील कारागीर

मातीच्या चकत्यांवर नेम धरताना माझ्या १२ बोरच्या दुनळी बंदुकीचे छर्रे सतत चकतीखालून जात असल्याने मी ती लातूरहून छत्रपती संभाजीनगरातील एका परवानाधारक कारागिराकडे नेली. छर्‍याच्या बंदुकीवर नळीच्या टोकाशी केवळ माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक मणी, असते आणि मागच्या नेमखुणेचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. त्यामुळे दस्त्याची, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागाची, गाल टेकण्याची कड खाली असेल तर मारा खाली जातो, हे त्यांनी मला रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावायला व मग डोळे उघडायला सांगून दाखवले. नंतर रेंजवर १६ यार्डांवरून मोठ्या कागदावर बार काढले. या अंतरावर मारा १ इंच वर आणायला कड सुमारे १/१६ इंच उचलावी लागते, म्हणून लाकडाला हात लावण्याआधी त्यांनी पातळ पट्ट्या चिकटवून पुनःपुन्हा तपासणी केली, आणि माझ्या मते खरी कारागिरी हीच. खांद्याकडची रबरी गादी बसवायला मात्र कबूल केल्यापेक्षा तीन आठवडे अधिक लागले व तेवढा सराव बुडाला. तरीही ११० मिलिमीटरची ती चकती आता मध्यभागी फुटते, आणि गालाला बसणारा हिसकाही थांबला आहे.