हिरड्यांचे उपचार: लेझरच्या आधी खोली मोजून घ्या

हिरड्यांसाठी दवाखाना जोखायचा तो प्रोबवरून. मिलिमीटरच्या खुणा असलेली ही बारीक बोथट सळई हिरडी आणि दाताच्या मधे सरकवून प्रत्येक दाताला सहा जागी खोली मोजतात आणि आकडे तक्त्यात भरतात. 1 ते 3 मिमी ठीक. 4 किंवा जास्त आणि मोजताना रक्त, म्हणजे पॉकेट: हिरडी दातापासून सुटून झालेली खोल फट. आकडे न लिहिता, एक्स-रे न काढता थेट लेझरचं पॅकेज सांगणाऱ्या दवाखान्याला, मग तो नाशिकच्या कॉलेज रोडवर कितीही चकचकीत असो, आमच्याकडून शून्य तारे.

हिरडी नुसती सुजली असेल, हाड शाबूत असेल, तर साधं स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) आणि नीट ब्रशिंग पुरतं. 4-5 मिमीच्या पॉकेटला रूट प्लेनिंग लागतं: भूल देऊन, पाव किंवा अर्धं तोंड एका बैठकीत, हिरडीखालचं कीटण खरवडून काढतात. वीस मिनिटांत सगळ्या तोंडाचं ‘डीप क्लीनिंग’ उरकलं, तर ते वरवरचंच झालं समजा.

यानंतर दात शिवशिवतात, फटी दिसतात आणि ‘सफाई केली म्हणून दात हलायला लागले’ ही तक्रार सुरू होते. सूज उतरली की हिरडी आकसते, आणि कीटणाने जखडून धरलेला दात मोकळा होतो. हाड तर आधीच गेलेलं असतं.

4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा मोजायलाच हवं. तरीही 6 मिमी किंवा जास्त राहिलं, तर फ्लॅप सर्जरी: हिरडी उचलून मूळ डोळ्यांनी बघत साफ करतात, टाके साधारण आठवड्याने काढतात. हाडात अरुंद, खोल खड्डा असेल तर बोन ग्राफ्टचा, म्हणजे हाडाची भर घालण्याचा, उपयोग होतो. सगळीकडून सपाट झिजलेलं हाड त्याने भरून येत नाही. नेहमीच्या प्लेनिंगला लेझरची जोड देऊन फार जास्तीचा फायदा होतो, असं ठोस सिद्ध झालेलं नाही. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर वायाच, कारण दाताला चिकटलेल्या थरात त्या नीट शिरत नाहीत.

बजेट कमी असेल तर पंचवटीतलं भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ मोडतो, पण मोजमाप सहसा टळत नाही.

क्लोरहेक्सिडिन 0.2 टक्के हे चूळ भरायचं औषध लिहून दिलं, तर 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास थांबा, नाहीतर असर कमी होतो. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी पडतात, चहावाल्यांचे तर लवकर.

‘मिश्री लावल्यापासून रक्त थांबलं’ यावर जाऊ नका. तंबाखूने रक्त दबतं, हाडाची झीज आत चालूच राहते. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट सोबत न्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आणि पैसे भरण्यापूर्वी एक विचारा: दर तीन महिन्यांची फॉलोअप सफाई पॅकेजमध्ये आहे की वेगळी?