मांजरांसाठी जाळी की संत्र्याच्या साली?

खालच्या वहिनींनी विचारलं, कोथिंबिरीच्या वाफ्यात मांजरं घाण करतात, तर जाळी अंथरू की संत्र्याच्या साली टाकू? मांजराला उकरायला भुसभुशीत, कोरडी माती लागते. नवा वाफा म्हणजे तेच.

खर्चात साली जिंकतात, कारण त्या फुकट आहेत. आंबट वास बहुतेक मांजरांना नकोसा असतो. पण साल वाळली की वास गेला, आणि पावसाळ्यात तर एका सरीत सगळं धुऊन जातं. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी नव्या साली. शिवाय एखादा निगरगट्ट बोका त्यांच्या शेजारीच बसतो.

कोंबडीजाळीला, म्हणजे खुराड्याला लावतात त्या भोकांच्या तारेच्या जाळीला, एकदाच पैसे पडतात. ती मातीवर सपाट अंथरायची, कडेला वाकवलेल्या तारेचे आकडे ठोकायचे, वर बोटभर माती पसरायची. कोंब भोकांतून वर येतात, पण मांजराच्या पंजाला जाळी लागते आणि ते उकरायचं सोडतं. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली घेतली तर लवकर गंजत नाही. त्रास एकच: खुरपणी करताना हात अडतो. कापलेली टोकं आत वळवा, नाहीतर बोटं सोलतील.

डांबरगोळ्या मात्र कुणीही सुचवल्या तरी नकोत, त्या मांजराला विषारी असतात.

चार कुंड्या असतील किंवा भाड्याचं घर असेल, तर साली पुरेत. अंगणात कायमचा वाफा असेल तर जाळीच. वहिनींना मी जाळी सांगितली, निदान कोथिंबीर हातभर होईपर्यंत.