जीआरईच्या तयारीचं साहित्य: काही महिने वापरल्यानंतर काय उरतं

परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेची अधिकृत पुस्तकं, तिच्याच पॉवरप्रेप या ऑनलाइन सराव परीक्षा, शब्दांसाठी ॲन्की हे फ्लॅशकार्डचं ॲप आणि चुका लिहायला एक साधी एक्सेल शीट. एवढ्यावर जीआरईची, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी नीट होते. यात सर्वांत जपून वापरायची गोष्ट म्हणजे अजून न पाहिलेला अधिकृत प्रश्न. एकदा पाहिला की त्याची मोजमाप करण्याची ताकद गेली. पुढे तो शिकायला उपयोगी पडतो, पण तुमची खरी पातळी सांगत नाही. काही महिने हे सगळं वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: तयारी अडते ती प्रश्न कमी पडल्याने क्वचितच, ते भराभर उरकल्याने मात्र हमखास.

आधी परीक्षेचं सध्याचं रूप, कारण बाजारात आणि मित्रमंडळींकडे जुनी पुस्तकं भरपूर फिरतात. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा 1 तास 58 मिनिटांची आहे. सुरुवातीला एक निबंध, 30 मिनिटं. व्हर्बलचे (इंग्रजी शब्द आणि वाचन) दोन सेक्शन: 12 प्रश्नांना 18 मिनिटं आणि 15 प्रश्नांना 23. क्वांटचेही (गणित) दोन: 12 प्रश्नांना 21 मिनिटं, 15 प्रश्नांना 26. मधली सुट्टी नाही, गुण न धरला जाणारा प्रायोगिक सेक्शन नाही आणि दिलेला युक्तिवाद तपासायचा आर्ग्युमेंटचा निबंधही नाही. मग जुनं पुस्तक रद्दीत टाकायचं का? मुळीच नको. जुन्या परीक्षेत व्हर्बलच्या 20 प्रश्नांना 30 मिनिटं होती आणि क्वांटच्या 20 प्रश्नांना 35. म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट आणि पावणेदोन मिनिटं. आजचा हिशेबही जवळपास तोच येतो. प्रश्नांचे प्रकारही तेच आहेत. जुन्या पुस्तकातली सेक्शनची रचना आणि आर्ग्युमेंटचा भाग सोडून द्या, प्रश्न बिनधास्त वापरा.

पॉवरप्रेपबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. दोन परीक्षा फुकट आहेत आणि पॉवरप्रेप प्लसच्या तीन विकत. स्क्रीन, कॅल्क्युलेटर, प्रश्न नंतर पाहण्यासाठी मार्क करायचं बटण, सगळं खऱ्या परीक्षेसारखं. पहिल्या सेक्शनमधल्या कामगिरीवरून दुसऱ्या सेक्शनची काठिण्यपातळी ठरते, तेही यात तसंच घडतं. म्हणून याचा स्कोअर विश्वासाचा वाटतो. पण हा विश्वास अटींवर टिकतो. निबंध वगळून थेट व्हर्बलला बसलात, मध्ये थांबून पाणी प्यायलात किंवा फोन बघितलात, की आलेला आकडा तुमचा नाही. निबंधाची 30 मिनिटं डोकं थकवतात आणि त्या थकव्यानंतर व्हर्बल कसं जमतं, हेच तर तपासायचं असतं. प्रश्नांचे प्रकार ओळखीचे झाल्यावर एक फुकट परीक्षा द्यावी आणि दुसरी परीक्षेच्या सात ते दहा दिवस आधीसाठी राखून ठेवावी. विकतच्या परीक्षा घ्यायच्या असतील तर मधल्या काळात, निदान दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. दोन मॉकच्या (सराव परीक्षांच्या) मध्ये चुकांवर काम झालं नसेल तर दुसरा मॉक तीच माहिती पुन्हा देतो. तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिली की स्कोअर वाढतो, पण त्यातला स्मरणशक्तीचा वाटा किती हे काढता येत नाही.

सेक्शनच्या आत मागे-पुढे जायची मोकळीक आहे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि एका सेक्शनमधल्या सगळ्या प्रश्नांचं वजन सारखं असतं. या तीन गोष्टी माहीत सगळ्यांना असतात, वापरतात थोडे. क्वांटमध्ये 40-45 सेकंदांत रस्ता दिसला नाही तर एखादा पर्याय निवडून, मार्क करून पुढे जायचं. ही सवय मॉकमध्ये आपोआप लागत नाही. त्यासाठी 12 प्रश्न, 21 मिनिटं असे छोटे संच घरी लावावे आणि किती अवघड प्रश्न वेळेत सोडून दिले, हेही मोजावं. एका प्रश्नावर चार मिनिटं घालवून तो बरोबर आला तरी त्याच्यापायी शेवटचे दोन सोपे प्रश्न न वाचता राहिले, तर सौदा तोट्यातच गेला. शेवटचं मिनिट उरलं की सगळे कोरे प्रश्न भरून टाकायचे.

आता चुकांची शीट. या सगळ्या सामानात फुकट असलेली आणि सर्वांत जास्त फळ देणारी गोष्ट हीच, आणि ती बहुतेकांची दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. कारण कॉलम फार केलेले असतात. पाच पुरतात: प्रश्न कुठला, विषय, लागलेला वेळ, चुकीचं कारण, पुढच्या वेळी काय करायचं. सगळा जीव चौथ्या आणि पाचव्या कॉलममध्ये आहे. एक उदाहरण घेऊ. क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझनचा, म्हणजे दोन राशींतली मोठी कोणती ते ठरवायचा प्रश्न: क्ष हा 0 पेक्षा मोठा आहे. पहिली राशी क्ष, दुसरी राशी क्षचा वर्ग. 2 घालून पाहिलं तर दुसरी मोठी, 3 घातलं तरी दुसरीच. मग दुसरी राशी मोठी असं उत्तर दिलं आणि चुकलं. 1 घातला तर दोन्ही सारख्या होतात आणि अर्धा घातला तर पहिली मोठी ठरते, म्हणून उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’. शीटमध्ये इथे ‘सिली मिस्टेक’ लिहिलं की ती ओळ वाया गेली. लिहायचं असं: ‘धन संख्या म्हणजे पूर्णांक असं धरून चाललो, अपूर्णांक तपासला नाही.’ आणि पुढच्या कॉलममध्ये: ‘अट तोडत नाहीत तोवर 0, 1, अपूर्णांक, ऋण संख्या आणि एक मोठी संख्या घालून बघायची.’ अशा वीस-पंचवीस ओळी झाल्या की दिसतं, कारणं चार-पाचच आहेत आणि तीच पुन्हा पुन्हा येतात.

चुकलेला प्रश्न त्याच दिवशी उत्तर वाचून ‘समजला’ म्हणणं फसवं असतं. उत्तर झाकून दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोडवावा, जमला तर दहा-बारा दिवसांनी आणखी एकदा. दुसऱ्यांदाही अडला तर विषयाचा पायाच कच्चा आहे, तिथे आणखी प्रश्न सोडवण्यापेक्षा ते प्रकरण मुळापासून करायला लागतं. बरोबर आलेले पण अंदाजाने दिलेले किंवा फार वेळ खाल्लेले प्रश्नही शीटमध्ये हवेत. हे बहुतेक जण टाळतात आणि मॉकचे स्कोअर खाली-वर का होतात ते मग कळत नाही.

क्वांटचा अभ्यासक्रम मर्यादित आहे: अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि डेटा ॲनालिसिस. त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. इंजिनिअरिंग केलेल्यांचाही गोंधळ होतो तो वाचण्यात. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे ‘दिसायला काटकोन’ हा पुरावा नव्हे. आलेख आणि अक्षांवरच्या आकृत्या मात्र प्रमाणात असतात, तिथे डोळ्यांनी अंदाज चालतो. एकापेक्षा जास्त उत्तरांच्या प्रश्नात एक जरी पर्याय सुटला तरी गुण शून्य. स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आठ अंकच मावतात, त्यापुढे तो एरर दाखवतो. गुणाकार-बेरजेचा क्रम तो स्वतः सांभाळतो, तरीही माउसने बटणं दाबण्यात वेळ जातो. टक्केवारी आणि साधे अपूर्णांक तोंडी करायचा सराव जास्त वेळ वाचवतो. आकडा स्वतः टाइप करायच्या प्रश्नात अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात द्यायची गरज नसते, तिथे उगाच सेकंद घालवू नयेत.

व्हर्बलसाठी ॲन्की चांगलं आहे, पण तयार डेक (कार्डांचा संच) डाउनलोड करून हजारभर शब्द रेटण्याला माझा विरोध आहे. ॲन्कीत रोजचे नवे शब्द मुळात 20 लावलेले असतात. इतर अभ्यास सांभाळून 10-12 पुरेत. जास्त घेतले की पंधरवड्यात उजळणीचा ढीग साचतो आणि मग लोक ॲपच बंद करतात. कार्डावर शब्द आणि अर्थ एवढंच न लिहिता तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य टाका. जीआरईला ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ फार आवडतात: ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे अटी घालून दिलेला पाठिंबा, ‘फ्लॅग’ म्हणजे मरगळणं. नुसत्या याद्यांत हे सापडत नाही.

टेक्स्ट कम्प्लिशनमध्ये पर्याय झाकून आधी आपला साधा शब्द गाळलेल्या जागी घालावा, मगच पर्याय पाहावेत. तीन जागांच्या वाक्यात पहिलीपासूनच सुरू करायचं बंधन नाही, जिथे इशारा स्पष्ट आहे तिथून शिरावं. तिन्ही बरोबर आल्या तरच गुण. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये एकाच जागी बसून वाक्याला सारखा अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे असतात. त्याचा सापळा ठरलेला: सहा पर्यायांत समानार्थी शब्दांची एक जोडी असते जी वाक्यात बसतच नाही आणि एक शब्द असा असतो जो अगदी बसतो पण त्याला जोडीदार नसतो. रीडिंगमध्ये चुकीच्या पर्यायाला ‘पटत नाही’ म्हणून न सोडता तो कुठल्या शब्दामुळे चुकीचा आहे ते बोट ठेवून दाखवावं. ‘ऑलवेज’, ‘ओन्ली’ अशा टोकाच्या शब्दामुळे, की पॅसेजमध्ये नसलेल्या तुलनेमुळे? हा सराव अधिकृत प्रश्नांवरच करावा. इतर कंपन्यांच्या व्हर्बलमध्ये चुकीचे पर्याय इतके काटेकोर नसतात आणि त्यांच्याशी वाद घालता घालता कान बिघडतो. त्यांचं क्वांट मात्र हात चालवायला आणि बैठक वाढवायला चालतं, स्कोअर मनावर घेऊ नये.

निबंधाकडे थोडं लक्ष पुरतं. विषयांची संपूर्ण यादी ईटीएसच्या वेबसाइटवर खुली आहे. त्यातला कोणताही विषय घेऊन पाच मिनिटांत बाजू, दोन ठोस उदाहरणं आणि एक विरुद्ध मुद्दा एवढं ठरवायचा सराव करावा. पूर्ण निबंध आठवड्यातून एक. परीक्षेच्या एडिटरमध्ये स्पेलचेक नसतो, म्हणून सरावही स्पेलचेक बंद करून करावा.

घरून परीक्षा देणार असाल तर कच्च्या कामाला कागद मिळत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर चालतो. महिनाभर आधीपासून त्यावरच गणितं करा. जाड मार्करने जागा लगेच भरते, मध्येच पुसावं लागतं आणि नेमकी लागणारी ओळ पुसली जाते.

तारीख ठरवताना उलटा हिशेब करा. दोन प्रयत्नांमध्ये 21 दिवसांचं अंतर सक्तीचं आहे आणि 12 महिन्यांत पाचच प्रयत्न मिळतात. अधिकृत स्कोअर यायला 8 ते 10 दिवस लागतात. म्हणजे विद्यापीठाच्या शेवटच्या तारखेच्या निदान पाच-सहा आठवडे आधी पहिली परीक्षा झालेली हवी, तरच गरज पडल्यास दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते. स्कोअर पाच वर्षं चालतो आणि कोणत्या दिवसाचा पाठवायचा हे तुम्ही निवडता, त्यामुळे लवकर परीक्षा देण्यात नुकसान फक्त फीचं आहे.

पुन्हा खरेदी करायची वेळ आली तर अधिकृत पुस्तकं आणि पॉवरप्रेप प्लसची एखादी परीक्षा एवढंच घ्यावं असं मी सांगेन. महागड्या कोर्सचे व्हिडिओ ज्यांचा गणिताचा पाया अनेक वर्षांत सुटला आहे त्यांनाच कामाचे.