पेक्टिनची फिल्म: मोसंबीची साल, आंब्याची साल की विकतची पावडर?

ताटावरची आंबापोळी कडेने सोडवताना हाताला जो अंदाज येतो, तोच पेक्टिनची फिल्म, म्हणजे पदार्थ गुंडाळायचा खाण्याजोगा पातळ पापुद्रा, करताना कामी येतो. पेरूची जेली ज्यामुळे बसते ते पेक्टिन पाण्यात विरघळवायचं, थोडं ग्लिसरीन घालायचं, पातळ थर ओतून वाळवायचा. सोपं आहे. माणूस अडतो तो पेक्टिन कुठून घ्यायचं यावर.

माझं पहिलं मत मोसंबीला. वाळलेल्या सालीत साधारण 20 ते 30 टक्के पेक्टिन असतं, त्यातलं बरंचसं आतल्या पांढऱ्या भागात. रसवाले वरची पिवळी साल सोलून टाकतात, पांढरं चोथ्यात राहतं, म्हणून चोथाही मागून आणा. आणल्या आणल्या उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर सालीतलं एन्झाइम पेक्टिनची वाट लावतं. मग सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्यात (पीएच 2 च्या आसपास) 80 ते 90 अंशांवर तासभर ठेवायचं, मलमलीतून गाळायचं आणि गाळलेल्या पाण्याच्या दुप्पट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतायचं. जेलीसारखे ढगाळ गोळे वर येतात, ते पेक्टिन. खर्च सालीचा नाही, अल्कोहोलचा.

आंब्याची साल कॅनिंगवाल्यांकडे ढिगाने पडते, पण हंगामापुरतीच. पेक्टिन मिळतं, मात्र फिल्म पिवळट-तपकिरी होते आणि चिकामुळे काहींच्या हाताला खाज सुटते. रत्नागिरीत कारखान्याच्या दारात राहत असाल तर विचार करा. नाहीतर वाळवून साठवण्याच्या खटाटोपात पडू नका.

विकतची पावडर महाग, पण खरा फरक वेगळाच आहे. घरी आम्लात उकळून निघतं ते बहुधा हाय-मेथॉक्सिल पेक्टिन, म्हणजे ज्याच्या रेणूवर मेथॉक्सिल नावाचे गट जास्त असतात. कॅल्शियमशी घट्ट सांधा जुळतो तो लो-मेथॉक्सिलचा, म्हणजे हे गट कमी असलेल्या पेक्टिनचा, आणि ते पावडर म्हणून विकत मिळतं. लो-मेथॉक्सिलची वाळलेली फिल्म कॅल्शियम क्लोराइडच्या 2 टक्के द्रावणात थोडा वेळ बुडवली की पाण्यात पटकन विरघळत नाही. कॅल्शियम आधीच द्रावणात घालाल तर गुठळ्या होतात. माझं एक अख्खं पातेलं असंच गेलं.

प्रमाण तिघांनाही एकच: 100 मिली पाण्याला 3 ग्रॅम पेक्टिन, 1 ग्रॅम ग्लिसरीन. ग्लिसरीन विसरलात तर फिल्म पापडासारखी मोडते, जास्त झालं तर पावसाळ्यात बोटांना चिकटते. ट्रेखाली पाणसळ ठेवून पातळी बघा, नाहीतर एक कड जाड आणि दुसरी फाटकी. स्टीलच्या ताटापेक्षा अॅक्रिलिकवरून ती सहज सुटते.

कोरडी फिल्म तेल आणि हवा चांगली अडवते, पाण्याची वाफ नाही. गरम पाण्यात पुडीसकट टाकायचा सूप मसाला असेल तर मोसंबीचं घरचं पेक्टिन बेस्ट, तिथे विरघळणं हाच गुण. मिठाईच्या थरांमध्ये घालायला कॅल्शियम दिलेली लो-मेथॉक्सिल. ओल्या भाजीला पिशवी हवी असेल तर तिन्हींपैकी काहीच घेऊ नका.